वारेवरची पीएच.डी.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला परस्पर हृदयरोगतज्ज्ञ करून टाकलं तेव्हा मी जळगावच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना बेडूक कापायला शिकवत होते. आबा बोदवडला रेल्वेत पॉइंट्समन होते. क्वार्टर्समध्ये कुणी विचारलं, पोरगी हल्ली काय करते, तर ते सांगत, "पीएच.डी. करतेय. रक्तवाहिन्यांवर." आणि तिथेच थांबत. रक्तवाहिन्या कुठल्या, ते सांगत नसत. ऐकणाऱ्याने आपल्या मनाने हृदयापर्यंत पोचावं, अशी त्यांनी सोय करून ठेवली होती. परिणामी मी सुटीत घरी गेले, की शेजारचे एक निवृत्त गार्ड छातीवर हात ठेवून आमच्या ओट्यावर येऊन बसत.

"पूल चढलो की इथं दुखतं," ते म्हणत.

"काका, मी प्राणिशास्त्र शिकवते."

"असू दे ना. माणूस काय प्राणी नाही?"

मी त्यांना खऱ्या डॉक्टरकडे जायला सांगे आणि ते आबांना जाऊन म्हणत, की तुमची मुलगी हुशार आहे पण बोलत कमी.

मी काम करत होते वारेवर. बाळाच्या पाठोपाठ येते ती वार. नाळेचं एक टोक बाळाच्या बेंबीला आणि दुसरं तिच्यात. नऊ महिने आईच्या रक्तातून बाळाला लागेल ते सगळं तीच घेऊन देते, आणि बाळ बाहेर आलं की तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. नव्वदच्या आसपासची ती वर्षं. पीएच.डी.चा विषय ठरला तेव्हा मी आनंदाने बोदवडला गेले होते. आबा ड्यूटीवरून येऊन पाय धूत होते.

"कशावर मिळाला विषय?" त्यांनी विचारलं.

"वारेवर."

त्यांनी पाय धुवून पूर्ण केले. टॉवेलने एकेक बोट पुसलं. मग म्हणाले, "एवढ्या मोठ्या शरीरात तुला दुसरं काही मिळालं नाही?"

त्यांच्या रागाचं कारण मला माहीत होतं, पण ते कधी घरात बोललं जात नसे. माझी आजी गावची सुईण होती. हौसेने नव्हे, आमच्या लोकांच्या बायकांकडे गावाने जी कामं लावून दिली होती त्यांतलं ते एक. ज्या घरांच्या ओसरीवर तिला बसता येत नसे, त्या घरांतल्या सगळ्यांत आतल्या खोलीत तिला घाईघाईने नेत. बाळाला पहिला हात तिचा लागे आणि बाळाची अंघोळ झाली की तोच हात विटाळाचा होई. वार मडक्यात घालून पुरणं हेही तिच्याकडेच. लहानपणी आबा कुदळ घेऊन तिच्या मागे जात. दीक्षा घेतली त्या वर्षी आजीने ते काम सोडलं, गावाने आमचं पाणी तोडलं, आणि आबा रेल्वेत लागले. मुलींना शिकवायचं, घरात पुस्तकासारखं मराठी बोलायचं आणि ते काम पुन्हा घरात येऊ द्यायचं नाही, अशा तीन गोष्टी त्यांनी ठरवल्या होत्या. पहिल्या दोन त्यांनी इतक्या नेटाने केल्या, की तिसरी मोडून ते काम त्यांच्याच मुलीने विद्यापीठाच्या शिक्क्यासह घरात आणलं.

विषय माझा नव्हता, माझ्या गाइडचा होता. ते धुळ्याला असत. सबंध उमेदीचा काळ त्यांनी माशांच्या यकृतावर घालवला होता. त्यांच्या परदेशातल्या पुतण्याने काही शोधनिबंधांच्या झेरॉक्स पाठवल्या आणि माशांचं यकृत एका दिवसात जुनं झालं. त्या निबंधांत ‘ग्रोथ फॅक्टर’ नावाची नवी मंडळी होती. म्हणजे शरीरातलीच काही प्रथिनं. ती पेशींना निरोप देतात, की आता वाढा, आता थांबा, आता या बाजूला वळा. वारेत रक्तवाहिन्या कशा तयार होतात ते त्यांच्या निरोपावर ठरतं. सुरुवातीच्या महिन्यांत एक ग्रोथ फॅक्टर वाहिन्यांना फांद्यांवर फांद्या फोडायला लावतो. पुढे त्याचाच एक भाऊबंद, जो वारेतच सापडला म्हणून वारेच्याच नावाने ओळखला जाऊ लागला होता, तो फांद्या आवरून वाहिन्यांना लांब, सरळ वाढवतो. प्राणवायू कमी पडला तर पहिल्याचा जोर वाढतो आणि फांद्या आणखी फुटतात. दोघांचा मेळ बसला तर बाळ बाळसं धरतं. गाइडनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा नव्या जावयासारखा खुलला होता.

‘वारेतील रक्तवाहिन्यांच्या वाढीचे ग्रोथ फॅक्टरद्वारे नियमन’ असा विषय टाइप करून मी कॉलेजच्या ऑफिसात दिला. हेडक्लार्कची तापीकाठी केळी होती. त्यांनी विषय दोनदा वाचला आणि खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, हे ग्रोथ फॅक्टर लिक्विड येतं का पावडर?"

"तसं नाही. ते शरीरात तयार होतं."

"बरोबर. पण बाहेरून दिलं तर? आमच्या बागेत घड लांबतच नाही. फण्या धरतात आणि थांबतात."

मी त्यांना समजावलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि कागद पुढे पाठवला. पुढची तीन वर्षं माझा एकही कागद त्यांच्या टेबलावर अडला नाही. माझ्याकडे काहीतरी आहे आणि मी ते योग्य माणसासाठी राखून ठेवलं आहे, अशी त्यांची समजूत होती. ती दूर करण्याइतकी प्रामाणिक मी तेव्हा नव्हते.

खरी अडचण वेगळीच होती. ग्रोथ फॅक्टर मोजायला लागणारी रसायनं परदेशातून बर्फात येत. ती मुंबईत उतरून जळगावच्या मे महिन्यात पोचेपर्यंत त्यांचं सरबत झालं असतं. आमच्या प्रयोगशाळेतला फ्रिज प्राध्यापकांच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी होता आणि तोही वीज असेल तेव्हा. गाइडनी यावर तोडगा काढला. ते म्हणाले, "आपण फॅक्टर मोजायचे नाहीत. त्यांनी केलेलं काम मोजायचं. फांद्या किती, लांबी किती, जाडी किती."

"पण मग फॅक्टरनी ते केलं हे कशावरून?"

"परदेशात त्यांनी सिद्ध केलंय ना. आपण ते मानायचं."

असं माझं संशोधन सुरू झालं. ज्याला मी कधी पाहणार नव्हते, त्याच्या नावाने मी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

वार मिळवण्यासाठी मी जळगावातल्या एका खाजगी प्रसूतिगृहात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कामाच्या. त्यांनी माझं पत्र वाचलं आणि म्हणाल्या, "माझी हरकत नाही. पण वारेचा कारभार माझ्याकडे नाही. अक्कांना विचारा."

अक्का म्हणजे तिथल्या आया. शिंदखेड्याकडच्या खेड्यातल्या, विधवा, साठीला टेकलेल्या. कपाळ मोकळं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या हातातल्या काचेच्या बरण्यांकडे बघितलं.

"लोनचं घालनं शे का?"

मी म्हटलं, "अक्का, मला वारा हव्यात. अभ्यासासाठी."

"वार काय मनी शे का, मी देवाले? जिनी शे तिले इचारनं पडी."

आणि त्यांनी हा नियम एकदाही मोडला नाही. बाई मोकळी झाली, थोडी सावरली, की अक्का तिच्या उशाशी जाऊन विचारत, "वार पुरानी का या बाईले देवानी?" कुणी घरी न्यायची म्हणालं तर अक्का ती नीट मडक्यात बांधून देत. विद्यापीठाच्या कुठल्याही फॉर्मवर तेव्हा आईची परवानगी घ्यायला जागा नव्हती. ती अक्कांकडे होती.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून केळीच्या बागांत मजुरीला आलेल्या बायकाही तिथे येत. डॉक्टरीणबाई त्यांना परत पाठवत नसत. त्यांतली एक मला चांगली आठवते. काटकुळी, माझ्याहून लहान, पण ते तिचं तिसरं. अक्कांनी तिला विचारलं तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"काय करशाल तिनं?"

"तिच्यातल्या रक्ताच्या नळ्या मोजणार."

ती जराशी हसली. "डाक्टरीन म्हनस, मना आंगमा रगतच नही. आन तुम्ही नळ्या मोजतस." मग म्हणाली, "ली जा. सापडनं ते सांगज्यात."

त्या दिवशी मला अक्कांची खरी ओळख झाली. त्यांनी ती वार ओंजळीत घेतली, जराशी हलवली, आणि म्हणाल्या, "देख, बाळ केवढुसं आन वार केवढी. रगत कमी शे म्हनीसन वारनी पदर पसरा."

मी वजन केलं. बाळाच्या मानाने वार खरोखर मोठी होती. पुढे मेणात बसवून, पातळ काप काढून, रंगवून मी ती मायक्रोस्कोपखाली घेतली, तर वाहिन्यांचं नुसतं जाळं. जिथे इतरांच्या वारेत एक फांदी दिसे तिथे इथे गुच्छ. आईकडून प्राणवायू कमी येतोय हे वारेला कळलं होतं आणि तिने दारंच वाढवली होती. झेरॉक्समध्ये जे इंग्रजीत चार पानं लिहिलं होतं ते अक्का उभ्याउभ्या सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

तेव्हापासून मी वहीत एक रकाना वाढवला. वर लिहिलं: ‘अक्का’. वार हातात घेतल्यावर त्या जे म्हणतील ते मी आधी लिहून घेई आणि मगच आईचं हिमोग्लोबिन बघे. ‘रगत कमी’, ‘बाई मजबूत’, ‘दिवस वर ग्यात’, ‘तंबाखू खास’. त्या फार क्वचित चुकत. चुकल्या तर दुसऱ्या दिवशी मलाच विचारत, की कालचा अंदाज कसा काय चुकला, आणि त्यांना जेवण गोड लागत नसे.

धुळ्याला गाइडनी वही चाळली आणि त्या रकान्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारली.

"हे काय?"

"आया आहेत तिथल्या. त्यांचा अंदाज."

"अशास्त्रीय आहे. निरीक्षक प्रशिक्षित पाहिजे."

"तीस वर्षं त्या हेच बघतायत, सर."

"बघणं वेगळं आणि निरीक्षण वेगळं," ते म्हणाले. स्वतः त्यांनी तोवर एकही वार पाहिली नव्हती. मी एकदा बरणी दाखवायला नेली तर त्यांनी ती खिडकीपाशी ठेवायला सांगितली आणि चहा मागवला नाही.

दरम्यान माझं लग्न झालं. नवरा शिंदखेड्याला हायस्कूलमध्ये शिक्षक. मी जळगावात, मेहरूणला दोन खोल्यांत. शनिवारी तो येई, सोमवारी पहाटेची एस.टी. धरून जाई. वर्षभरात मला दिवस गेले. वारेवर काम करणारी बाई गरोदर, म्हणून कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना फार गंमत वाटे. एका सहकाऱ्यांनी विचारलं, की आता प्रयोगशाळा घरीच का. मलाही सुरुवातीला गंमतच वाटली. माझ्या आत कुठल्या आठवड्यात काय चाललं असेल, फांद्या कधी फुटत असतील आणि लांबायला कधी लागतील, हे मला तारखेवार सांगता येत होतं. नवऱ्याला मी ते सांगतही असे. तो म्हणे, "आणि बाळाचं काय?" मी म्हणे, "ते होईलच. आधी वाहिन्या."

सातवा सरत आला होता. मी तेव्हा प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहीत होते. ब्लडप्रेशर वाढलेल्या गरोदर बायकांच्या वारा, असा त्याचा विषय. अशा बायकांच्या वारेत वाहिन्यांना फांद्या कमी फुटतात, वार लहान राहते, बाळ उपाशी पडतं. लक्षणंही मी ओळीने लिहिली होती: पाय आणि हात सुजणं, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे ठिपके. लिहिताना माझं डोकं दुखत होतं. मी ते मायक्रोस्कोपवर ढकललं. चपला घट्ट झाल्या होत्या. मी ते दिवसाच्या चार तासिका उभ्याने घेण्यावर ढकललं. डोळ्यांपुढे ठिपके येत. पण दिवसभर स्लाइडवरचे ठिपके मोजणाऱ्या बाईला आणखी वेगळं काय दिसणार होतं?

त्या दिवशी दुपारी मी बरणी न्यायला प्रसूतिगृहात गेले. अक्का पायरीवर बसून चादरी घड्या करत होत्या. मी वर चढले तशी त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग हाताकडे.

"बांगड्या कव्हयपाईन रुतनात?"

"झाले आठ दिवस. पाणी साठलंय थोडं. होतं असं."

"डोकं दुखस?"

"थोडं."

"डोयासमोर काई दिखस?"

हा प्रश्न माझ्या चौथ्या प्रकरणात होता.

अक्का उठल्या, त्यांनी माझं मनगट धरलं आणि बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या बायकांना ओलांडून मला थेट आत नेलं. डॉक्टरीणबाई एका पेशंटला तपासत होत्या. अक्का म्हणाल्या, "बाई, आधी इले देखा."

ब्लडप्रेशरच्या पट्ट्यातली हवा सोडत डॉक्टरीणबाईंनी आकडा दोनदा घेतला. लघवी तपासली, त्यात प्रथिनं होती. त्यांनी मला घरी जाऊ दिलं नाही. "तुम्ही यावरच लिहिताय ना?" त्यांनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही.

नवरा शिंदखेड्याहून आला, आबा बोदवडहून आले. आबा त्या इमारतीत पहिल्यांदाच आले होते. मला डाव्या कुशीवर, अंधाऱ्या खोलीत झोपवलं होतं. उजेड आणि आवाज नको म्हणून दाराला जाड पडदा होता. आबा आणि अक्का पडद्याबाहेर बाकावर बसत. मी झोपले आहे असं समजून ते बोलत आणि मी झोपल्यासारखी पडून ऐकत असे.

"तुम्ही कधीपासून करता हे काम?" आबांनी विचारलं.

"मालक ग्यात तव्हयपाईन."

"कुणी लावून दिलं?"

"कोन लाई? मी बाईकडे ऊनू, म्हनलं काम द्या. तिनी दिधं."

मग आबांनी सांगायला सुरुवात केली. आई, मडकं, कुदळ, मागच्या दाराने जाणं, आणि बाळंतिणीच्या सासूने वरून, हाताला हात न लागू देता टाकलेलं धान्य. ही गोष्ट त्यांनी माझ्या आईला तरी सांगितली होती की नाही, कोण जाणे. मला तर नाहीच. अक्कांनी मध्ये एकदाही ‘अरेरे’ केलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुमनी मायले सुटी कधी भेटे?"

"सुट्टी कसली. बोलावलं की जायचं."

"माले बुधवारनी सुटी ऱ्हास," अक्का म्हणाल्या. "आन बठ्ठ्या बाया माले अक्का म्हनतस. येवढाच फरक शे भाऊ. पन तो शे."

दोन दिवसांनी प्रेशर औषधांना दाद देईना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करायचं ठरवलं. दुपारी मुलगी झाली. इतकी लहान, की नवऱ्याने नंतर मला सांगितलं, तिला बघून त्याला पहिल्यांदा वाटलं ते असं, की हिला हाक मारायची तरी किती हळू. तिला कापसात गुंडाळून दिव्याखाली ठेवलं होतं. ती रडली, पण ते रडणं माझ्यापर्यंत आलं नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा उशाशी अक्का होत्या.

"पोर शे. बारीक शे, पन शे," त्या म्हणाल्या. मग नेहमीच्याच आवाजात, जसं त्या प्रत्येकीला विचारत तसं, त्यांनी विचारलं, "वार पुरानी का देवानी?"

त्या प्रश्नाला कितीतरी बायकांनी माझ्यासमोर उत्तर दिलं होतं, आणि मी दरवेळी बरणी हातात धरून, शक्य तितका नम्र चेहरा करून उभी असे. त्यांना विचार करायला वेळ लागला तर मला मनातून घाई होत असे. आता पाळी माझी होती. ती वार माझ्या मुलीला आठ महिनेही पुरती पोसू शकली नव्हती. मला तिचा राग आला होता आणि तिला कुणाच्या हाती देववतही नव्हतं. मी म्हटलं, "नंतर सांगते." अक्का म्हणाल्या, "सांग. घाई नही."

संध्याकाळी आबा आत आले. अक्कांनी त्यांना वारेबद्दल विचारलं असावं, किंवा त्यांनी स्वतःच अक्कांना. ते खाटेजवळ उभे राहिले.

"माझ्या आईने गावभर पुरल्या," ते म्हणाले. "कुणी एक मोजली नाही. ही मोजून घे."

आबांनी माझ्या विषयाबद्दल काढलेले ते पहिले बरे शब्द. मी अक्कांना बरणी भरायला सांगितली.

मुलगी अडीच महिने कापसाच्या आणि डॉक्टरीणबाईंच्या जिवावर तगली, मग आमच्या. मी सहा महिन्यांनी मायक्रोस्कोपकडे परतले. माझी वार लहान होती, कडेला पांढरट, मेल्यासारखे चट्टे. कापाखाली दिसलं ते चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं तेच: लांब, बारीक, एकाकी वाहिन्या, फांद्या जवळजवळ नाहीत, मधे मोकळ्या जागा. मी मोजायला बसले आणि पहिल्या दिवशी मोजू शकले नाही. दुसऱ्या दिवशी मोजलं.

गाइड म्हणाले, "स्वतःची वार स्वतः मोजणं वस्तुनिष्ठ नाही. काढून टाका."

मी काढली नाही. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याला, कुणाची ते न सांगता, स्लाइड मोजायला दिल्या. त्यांचे आणि माझे आकडे जवळपास सारखे आले. स्लाइड परत करताना ते म्हणाले, "फार कमजोर नमुना आहे मॅडम. हा नका घेऊ, तुमचा ग्राफ बिघडेल." मी त्यांचे आभार मानले. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आमच्या मुलीच्या बारशाच्या पेढ्यांच्या बॉक्सचा कागद होता. डिझाइन आवडलं म्हणून त्यांनी ठेवला होता.

तोंडी परीक्षा धुळ्याला झाली. बाहेरून आलेले परीक्षक सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळा प्रबंध वाचला होता. अशा प्रसंगी हे फारसं अपेक्षित नसतं. त्यांनी विचारलं, "शीर्षकात ग्रोथ फॅक्टर आहेत. आत कुठे आहेत?"

गाइड पंख्याकडे बघू लागले.

मी म्हटलं, "आत नाहीत, सर. ते मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. त्यांनी केलेलं काम मोजलंय."

"मग शीर्षकात तेवढंच लिहा ना," ते म्हणाले. "काम चांगलं आहे. जे मोजलं नाही त्याचं नाव कशाला?"

मला त्या माणसाचा आदर वाटला आणि गाइडना घाम फुटला. ग्रोथ फॅक्टरसाठी सुरू झालेल्या प्रबंधातून ग्रोथ फॅक्टर गेले, आणि ‘वारेतील रक्तवाहिन्या: काही निरीक्षणं’ या अर्थाच्या साध्या शीर्षकावर मला पदवी मिळाली. मग परीक्षकांनी परिशिष्टाचं एक पान उघडलं. गाइडनी रेघ मारलेला रकाना मी शेवटी परिशिष्टात घातला होता, त्यांना न विचारता.

"हा ‘अनुभवी निरीक्षक’ कोण?"

"प्रसूतिगृहातल्या आया आहेत, सर."

"यांच्यावर वेगळा निबंध लिहा," ते म्हणाले आणि त्यांनी चहा संपवला. तो निबंध मी लिहिला नाही. नोकरी, मुलगी, बदल्या यांत राहून गेला. याचं समर्थन माझ्याकडे नाही.

पदवी मिळाल्यावर हेडक्लार्कनी पेढे घेतले आणि हळूच विचारलं, की आता तरी केळीसाठी काही निघालं का. आबांनी प्रबंधाची एक प्रत मागून घेतली. त्यांना इंग्रजी फारसं येत नसे. ती त्यांनी बोदवडच्या क्वार्टरमध्ये, बाहेरच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली. त्या गार्डकाकांनी ती उघडली आणि नेमकं वारेचं छायाचित्र असलेलं पान समोर आलं. "हे हृदय आहे का?" त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, "नाही. वार आहे." मी तिथेच होते. काकांनी प्रबंध मिटून जपून परत ठेवला आणि त्या दिवसापासून त्यांची छाती दुखायची थांबली.

अक्का पुढे गावी गेल्या. माझ्या वारेचं असं का झालं, ते मला त्यानंतर पुष्कळ वर्षांनी एका नियतकालिकात वाचायला मिळालं. अशा गरोदरपणात ग्रोथ फॅक्टर नसतात असं नाही. ते असतात, पण वार स्वतःच आईच्या रक्तात असं एक प्रथिन सोडते, की ते त्यांना पोचायच्या आधीच धरून ठेवतं. निरोप निघालेला असतो, वाटेत कुणी तरी तो खिशात घालतं. हे वाचल्यावर मला सांगावंसं वाटलं ते अक्कांनाच. मुलीला घेऊन मी शिंदखेड्याच्या एस.टी.त बसले.

अक्का खूप थकल्या होत्या, डोळ्याला कमी दिसे. ओसरीत खाटेवर बसून त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे वारच चोर?"

"एका परीने."

"मंग यानी गोयी निंघनी का?"

"नाही अक्का. अजून नाही."

त्यांना ते फारसं पटलं नाही. एवढी वर्षं, एवढे लोक, आणि गोळी नाही. त्यांनी मुलीला जवळ बोलावलं, तिचा दंड चाचपला, पाठीवरून हात फिरवला, आणि सुनेला आत हाक मारून विचारलं, कळण्याची भाकरी झाली का. मुलीने ठेच्याबरोबर दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली. परतीची एस.टी. चुकली, म्हणून आम्ही तिथेच राहिलो.